नाताळच्या मेजावरील शब्दकोट्या

२५ डिसेंबरच्या दुपारी इंग्लंडमधील एखाद्या कुटुंबाकडे आपणांस जेवणाचे आमंत्रण आले, तर मेजावर प्रत्येक ताटाशेजारी चकचकीत कागदाची एक वीतभर नळी ठेवलेली दिसेल. दोन्ही टोकांस पीळ दिलेली ही नळी एखाद्या भल्या मोठ्या गोळीच्या पुडीसारखी भासते. तिला क्रॅकर म्हणतात. शेजारी बसलेल्या दोघांनी तिचे एकेक टोक धरून ओढावयाचे, की ‘फट्’ असा आवाज होऊन ती फाटते. ज्याच्या हाती मोठा तुकडा येईल, आतील ऐवज त्याचा. हा ऐवज तरी केवढा? पातळ कागदाचा रंगीत मुकुट, एखादे किरकोळ खेळणे आणि एक चिठ्ठी. मुकुट डोक्यावर चढतो, खेळणे मुलांच्या हाती जाते आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली जाते. तिच्यावर एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर म्हणजे एक शाब्दिक कोटी. ती ऐकून सारे मेज एकाच वेळी हसते आणि कण्हतेही. मग पुढची नळी ओढली जाते.

वाचकहो, वर्षातील सर्वांत मोठ्या सणाच्या दिवशी सारे घर एकत्र आले असता, इतकी सामान्य कोटी मुद्दाम विकत आणून वाचावयाचे कारण काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते इंग्लंडच्या मेजावरून थेट आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

प्रथम क्रॅकरची कुळकथा पाहू. लंडनमध्ये टॉम स्मिथ नावाचा एक मिठाईवाला होता. पॅरिसला गेला असता, तेथे पीळ दिलेल्या कागदात गुंडाळून विकावयास ठेवलेले साखरेचे बदाम त्याच्या पाहण्यात आले. त्याने ती तऱ्हा लंडनला आणली. क्रॅकरच्या जन्माचे साल म्हणून १८४७ हे साल सांगितले जाते. त्याने मिठाईबरोबर प्रेमाच्या दोन ओळींची चिठ्ठी घातली, पुढे आवाजाची युक्ती जोडली. शेकोटीतील लाकूड तडतडताना ऐकून ती त्याला सुचली, अशी आख्यायिका आहे. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांवर सिल्व्हर फल्मिनेट ह्या स्फोटक द्रव्याचा अगदी अल्प अंश लावलेला असतो. ओढताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि आवाज होतो. कागदी मुकुटाची भर टॉमचा मुलगा वॉल्टर ह्याने घातली असे मानतात. काळाबरोबर मिठाई गेली, प्रेमाच्या ओळीही गेल्या आणि १९३० नंतरच्या दशकात त्यांची जागा विनोदांनी घेतली. ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे.

ह्या चिठ्ठ्यांतील माल कसा असतो, ह्याचे दोन नमुने पाहा. नाताळच्या कथांत सांता क्लॉजची गाडी रेनडिअर जातीची हरणे ओढतात. प्रश्न असा : सांता क्लॉजने दोन हरणे विकावयास काढली, पण कोणीही ती घेतली नाहीत, का? उत्तर : कारण ती ‘टू डिअर’ होती. ‘टू डिअर’ म्हणजे दोन हरणे आणि ‘टू डिअर’ म्हणजेच फार महाग. रोमन लिपीत दोन्ही अर्थांचे लेखन वेगवेगळे आहे; देवनागरीत मात्र ते एकच होते, हीही एक गंमतच. दुसरा प्रश्न : सांता क्लॉजच्या मदतनिसांना काय म्हणावे? उत्तर : ‘सबॉर्डिनेट क्लॉजेस’. शाळेत इंग्रजी व्याकरण घोकलेल्यांना हे सांगावयास नको की, ‘क्लॉज’ म्हणजे उपवाक्य आणि ‘सबॉर्डिनेट क्लॉज’ म्हणजे गौणवाक्य. शिवाय ‘सबॉर्डिनेट’ म्हणजे हाताखालचा माणूस!

परंतु नाताळ आणि शब्दक्रीडा ह्यांचा संबंध केवळ ह्या पोरखेळापुरता नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याच्यासमोर बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूज ह्यांनी १६०५ ते १६२४ ह्या काळात नाताळची सतरा प्रवचने केली. शब्दाची फोड करून अर्थाचे पदर उलगडून दाखवावयाचे, ही त्यांची हातोटी होती. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताला ‘शब्द’ म्हटले आहे, आणि शिशू ह्या अर्थाच्या ‘इन्फन्स’ ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘न बोलणारा’ असा आहे. ह्या दोहोंची सांगड घालून, जो स्वतःच शब्द त्याला एक शब्दही बोलता येऊ नये, हे गव्हाणीतील आश्चर्य अँड्र्यूज श्रोत्यांपुढे उभे करीत. येथे कोटी ही थट्टा राहत नाही; जे सरळ सांगता येत नाही ते सांगण्याचे ती साधन होते.

डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तीत मेलेल्या भागीदाराचे भूत समोर उभे राहते, तेव्हा कंजूष स्क्रूज ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगे आणि ‘ग्रेव्ही’ म्हणजे रस्सा ह्या दोन शब्दांवर कोटी करतो. हे भूत नसून न पचलेल्या अन्नाचा भास आहे, असे त्याला सुचवावयाचे असते. विनोद हा स्क्रूजचा स्वभाव नव्हे, आपली भीती दाबून धरण्यासाठी तो असे बोलत होता, असा खुलासा लेखकानेच केला आहे. मनात धास्ती असता माणसे शब्दांशी खेळू लागतात, हे आपणही आजारी माणसाच्या उशाशी बसून अनुभवलेले असेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मेजावरच्या कोट्या इतक्या सामान्य का? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन ह्यांनी ह्याचे मार्मिक उत्तर दिले आहे. उत्तम विनोद सांगूनही कोणी हसले नाही, तर सांगणारा ओशाळतो. विनोदच वाईट असला, तर दोष विनोदाचा ठरतो आणि सांगणाऱ्याची अब्रू शाबूत राहते. सारेजण मिळून त्या चिठ्ठीला नावे ठेवतात. नाताळच्या मेजाभोवती आजोबांपासून सहा वर्षांच्या नातीपर्यंत, नव्या सुनेपासून वर्षभर अबोला धरलेल्या भावापर्यंत सर्व बसलेले असतात. ह्या सर्वांना एकाच वेळी आवडेल असा विनोद मिळणे कठीण. पण सर्वांनी एकत्र कण्हावे असा विनोद सहज मिळतो. चिठ्ठी प्रत्येकाच्या वाट्याला येते, म्हणून बोलण्याची पाळीही प्रत्येकाला मिळते. एरवी तोंड न उघडणारा मुलगादेखील उभा राहून वाचतो. कोटीचे खरे काम हसविणे नसून, मेजावर प्रत्येकाला वाटा देणे हे आहे.

शास्त्रज्ञांनीही ह्या विषयात लक्ष घातले आहे. केम्ब्रिज येथील मेंदूसंशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकार्थी शब्दांवर आधारलेले विनोद ऐकताना मेंदूत काय घडते, हे त्यांनी तपासले. शब्दाचे दोन अर्थ तोलून पाहणारी भाषेची केंद्रे आणि आनंदाशी निगडित असलेले भाग, ह्या दोहोंतही हालचाल वाढलेली त्यांना आढळली. ज्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, त्यालाच हा आनंद मिळतो. म्हणजे कोटी समजणे ही भाषा आपली असल्याची खूण होय.

आणि नेमके येथेच आपले, म्हणजे महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर मराठी वाचणाऱ्या कुटुंबांचे, काही पणाला लागलेले आहे. भाषांतराचे काम करणाऱ्यांना ठाऊक असते की, अहवालाचे भाषांतर होते, कायद्याचे होते, कथेचेही होते. कोटीचे मात्र होत नाही. वर ‘टू डिअर’ समजावून देण्यास चार वाक्ये खर्ची पडली आणि तेवढ्यात हसू विरून गेले. जी गोष्ट भाषांतरात प्रथम मरते, तीच परभाषेच्या प्रदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बोलण्यातूनही प्रथम नाहीशी होते. इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणच्या घरांत मुलांना ‘पाणी दे’, ‘दार लाव’ एवढे मराठी सहज येते. ‘आई, तू हे दोन अर्थांनी म्हणालीस ना?’ असे विचारण्याइतके मराठी ज्या घरात आहे, तेथे ती भाषा खरोखर नांदते आहे असे समजावे.

मग कोटी भाषांतरित न करता नव्याने घडवावी, हाच मार्ग उरतो. ह्याचा एक सुंदर नमुना नाताळ ह्या शब्दातच लपलेला आहे. इंग्रजी भेटकार्डांवर पुष्कळदा इंग्रजी वर्णमाला छापलेली असते, पण तीतील ‘एल’ हे अक्षर गाळलेले असते. पाहणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो. उलगडा असा की, नाताळाला ‘नोएल’ असेही नाव आहे आणि ‘नो एल’ म्हणजे एल नाही! सव्विसांतून एक अक्षर गेले की पंचवीस उरतात आणि सणाची तारीखही पंचवीसच. आपल्या अलंकारशास्त्रात शब्द तोडून साधलेल्या अशा श्लेषास सभंग श्लेष म्हणतात.

हा ‘नोएल’ आपल्या ‘नाताळ’चा सख्खा भाऊ आहे. जन्माचा ह्या अर्थाच्या ‘नातालिस’ ह्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमध्ये नोएल झाला आणि पोर्तुगीजमध्ये नाताल. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि त्यांच्या बोलीतून हा शब्द आपल्याकडे येऊन नाताळ झाला. आता मोठ्या भावाप्रमाणे धाकट्यालाही तोडून पाहू : नाताळ म्हणजे ‘ना ताळ’. सुटी लागली, फराळाचे डबे उघडले, मामेभावंडे जमली, की कोणालाच ताळ राहत नाही, ताळतंत्र तर नाहीच. म्हणून ह्या सणाचे नाव नाताळ! इंग्रजीतून येथे एक अक्षरही उसने घेतलेले नाही. घेतली आहे ती केवळ युक्ती.

आपल्या भाषेला ही युक्ती नवी नाही. इंग्रजीत डॉक्टर जॉन्सनसारख्या टीकाकाराने शेक्सपिअरलाही कोट्यांच्या हव्यासाबद्दल बोल लावला. आपल्याकडे मात्र श्लेषाला अलंकारांत मानाचे स्थान आहे. बाराव्या शतकातील कविराजाच्या ‘राघवपांडवीय’ ह्या संस्कृत काव्यात त्याच शब्दांतून एका अर्थाने रामायण, तर दुसऱ्या अर्थाने महाभारत सांगितले आहे. मराठीत तर ‘कोटी’ ह्या शब्दावरच कोटी झाली आहे. खिशात दमडी नसलेला विनोदी माणूसही आपल्याकडे कोट्यधीश म्हणवून घेऊ शकतो.

तेव्हा येत्या नाताळात, अथवा मुले घरी असतील अशा कोणत्याही सुटीत, हा खेळ करून पाहावा. वाया गेलेल्या कागदाच्या नळ्या करून त्यांत एकेक चिठ्ठी घालावी. आवाज तोंडाने काढला तरी चालतो. प्रारंभासाठी येथे तीन कोडी देत आहोत.

घरावर तारा एकच, पण त्याला तारा लागतात दोन, तो कोणता? — गोव्यात, वसईत आणि मुंबईत नाताळात घरोघरी टांगतात तो विजेचा आकाशदिवा.

भेट देतो, पण भेट होऊ देत नाही, तो कोण? — मुले झोपल्यावर येणारा नाताळबाबा.

‘मला पाव’ म्हटल्यावर देव काही मागत नाही, पण दुसरा एक जण लगेच पैसे मागतो, तो कोण? — पाववाला. जाता जाता मुलांना हेही सांगावे की, पाव हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे आणि ख्रिस्ताचे जन्मगाव बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा करतात.

ह्यापुढील चिठ्ठ्या मुलांनीच लिहाव्यात. दोन अर्थांचा शब्द शोधण्यासाठी ती आजीला विचारतील, शेजाऱ्यांना विचारतील, शब्दकोश उघडतील. जे दहा धड्यांनी साधत नाही ते एका चिठ्ठीने साधेल. शेजारच्या कुटुंबाची भाषा कन्नड, हिंदी वा बंगाली असेल, तर त्यांनाही त्यांच्या भाषेतील एक कोटी घेऊन बोलवावे. ती समजावून घेताना हसू उशिरा येईल, पण त्या भाषेतील दोन शब्द कायमचे आपले होतील.

एक पथ्य मात्र पाळावे. कोणाचे आडनाव, रूप, जात वा श्रद्धा ह्यांवर कोटी करू नये. मेजावर प्रत्येकाला वाटा मिळावा म्हणून हा खेळ. त्यात एकाचाच घास कडू होणार असेल, तर ती चिठ्ठी नळीतच राहू द्यावी. बाकी कोटी फसली तर खुशाल फसू द्यावी. सर्वांनी मिळून कपाळाला हात लावला, की समजावे, खेळ चांगला रंगला.