पैठणी सहा पटींनी लहान का होत नाही

खोका उघडायचा की नाही, यावरच आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. बाहुल्या जमवणाऱ्यांचा नियम असा, की खोका उघडला की किंमत उतरली. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. "बाहुली आणायची आणि हात लावायचा नाही? मग देव्हाऱ्यातच ठेव." शेवटी कात्री तिनेच आणली.

बाहुली होती दिवाळी बार्बी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मॅटेल कंपनीने ती बाजारात आणली, कपडे अनिता डोंगरे यांनी योजलेले. चोळी, वर कोटी, खाली लेहंगा. त्यावर डेलिया, जाई आणि कमळाची फुलं. हातात बांगड्या, कानात झुमके. मी सवयीप्रमाणे आधी तिला उलटी केली. जाणकार लोक बाहुलीचा चेहरा नंतर बघतात. आधी पाठीवरचं कोरीव साल बघतात, आणि नवखे तिथेच हमखास फसतात. नव्वदच्या दशकात बनलेल्या कित्येक बार्बींच्या पाठीवर १९६६ असं लिहिलेलं असतं. ते त्या बाहुलीचं जन्मसाल नव्हे, शरीराच्या साच्याच्या हक्काचं साल आहे. मग कान बघायचे. अगदी सुरुवातीच्या बार्बींच्या कानातल्या धातूमुळे प्लास्टिकवर हिरवा डाग पसरायचा, म्हणून आजही जुनी बाहुली घेताना कान तपासतात. आमच्या नवीच्या बाबतीत हे सगळं हौसेपुरतंच.

खरी मौज पुढे सुरू झाली. मावशी म्हणाली, "संभाजीनगरात आलीय, हिला लेहंगा कशाला? पैठणी नेसव." पैठण इथून पन्नास किलोमीटरवर. गुलमंडीतल्या शिंप्याकडे पैठणीच्या ब्लाउजपिसांची कात्रणं पिशवीभर मिळाली. मला वाटलं, तासाभराचं काम.

हिशेब सोपा दिसत होता. बार्बी साधारण २९ सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. तिला सहापट केलं तर पाच फूट नऊ इंचांची उंच बाई होते. साडेपाच मीटरची साडी भागिले सहा, म्हणजे ब्याण्णव सेंटिमीटर. तुकडे जोडून तेवढी पट्टी केली, निऱ्या घातल्या, पदर टाकला आणि बघत राहिले. साडी नेसलेली बाई नव्हतीच ती. खांद्यावर पाट घेऊन निघालेली कुणीतरी होती! पदर हवेत आडवा. निऱ्यांचा पंखा झालेला. आणि काठावरचा मुनिया, तो गोंडस हिरवा पोपट, तिच्या अख्ख्या चेहऱ्याएवढा.

पोपटाचं कोडं लगेच सुटतं. अडीच सेंटिमीटरचा पोपट बाहुलीच्या मापात चार मिलिमीटरचा हवा. पण त्याला चोच, पंख, शेपूट तेवढीच, आणि रेशमाचा धागा काही सहापट बारीक होत नाही. पैठणीत नक्षी धाग्यात धागा अडकवून विणतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्या चार मिलिमीटरमध्ये धागेच मोजके बसतात, तर पोपट उरतो कुठे? एक हिरवा ठिपका.

पदराचं कोडं मात्र मला रात्रभर जागवून गेलं.

दुकानात आपण कापड बोटांत चुरून "अंगाला छान बसेल" म्हणतो. हे बसणं मोजता येतं, हे मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पिअर्स यांनी १९३० साली दाखवलं. कृती इतकी साधी, की स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होते. कापडाची पट्टी ओट्याच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. ती स्वतःच्या वजनाने वाकत जाते. तिचं टोक ओट्याच्या कडेपासून ४१.५ अंश खाली आलं, की बाहेर लोंबणारी लांबी मोजायची आणि निम्मी करायची. झाली त्या कापडाची वाकण्याची लांबी. लहान आकडा म्हणजे लोळणारं कापड, मोठा म्हणजे ताठ.

आता गंमत अशी की ही लांबी कापडाची स्वतःची असते, सेंटिमीटरमध्ये. ते कुणाच्या अंगावर आहे, याची कापडाला खबर नसते. माझ्या पैठणीच्या कात्रणाची लांबी भरली तीन सेंटिमीटर. पाच फुटी बाईच्या अंगावर तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, पदर छान ओघळतो. पण बाहुलीच्या जगात प्रत्येक सेंटिमीटर सहापट मोठा. तिच्यासाठी तेच कापड अठरा सेंटिमीटरवाल्या कापडासारखं वागतं, आणि तेवढा ताठपणा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातच सापडतो. मी त्या बिचारीला पुठ्ठा नेसवला होता.

मग सहापट पातळ कापड घ्यावं? तेवढ्याने भागत नाही, आणि इथेच मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. एखादा एकसंध पापुद्रा धरा. त्याची जाडी निम्मी केली तर ताठपणा आठव्या हिश्शावर येतो, पण वजनही निम्मं होतं, म्हणजे खाली ओढणारं बळही कमी. दोन्हींचा मेळ घातला तर एक षष्ठांश बाहुलीवर खऱ्यासारखं ओघळायला कापड सुमारे पंधरापट पातळ लागतं. पंधरापट! विणलेलं कापड पापुद्र्यापेक्षा थोडं समजूतदार असतं, धागे एकमेकांवर सरकतात, तरी अडचण तीच.

कमरेची वेगळीच तऱ्हा. सात निऱ्या म्हणजे चौदा थर. कापडाचा थर पाव मिलिमीटर धरला तरी साडेतीन मिलिमीटर, आणि बाहुलीच्या मापाने दोन सेंटिमीटरची गादी पोटावर. बार्बीची कंबर इतकी अशक्य बारीक का, याचं एक कारण मॅटेलचे डिझायनर हेच सांगत आले आहेत: कापडाचे थर चढल्यावर ती कंबर माणसासारखी दिसावी. माझा यावर अर्धाच विश्वास. पण त्या गादीकडे बघून तो अर्धा तरी बसला. १९५९ मध्ये पहिली बार्बी आली तेव्हा तिचे कपडे योजणाऱ्या शार्लट जॉन्सन त्यासाठी जपानला जाऊन राहिल्या होत्या. बाहुलीही तिथेच बनत होती आणि कपडेही. का, ते आता कळतं. अंगभर कापडापेक्षा बोटभर कापडाला जास्त कसब लागतं. आणि अनिता डोंगरे यांच्या लेहंग्याकडेही मी नव्या नजरेने बघू लागले. बेतून शिवलेला घेर, सुटा पदर नाही, निऱ्यांची जुडी नाही. बाहुलीला नेसवण्यापेक्षा शिवून घालणं कितीतरी शहाणपणाचं.

आपल्या भागातल्या जुन्या कारागिरांनी तर हा पेच अंगावरच घेतला नाही. लाकडाच्या ठकी बाहुलीची साडी रंगवलेलीच असते. आणि त्याहून कितीतरी जुनी ती हस्तिदंती बाई! १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात एक भारतीय मूर्ती निघाली, सुमारे २४ सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ बार्बीएवढीच. बाजूला दोन चिमुकल्या दासी, हाती प्रसाधनाच्या डब्या. डोक्यात वरून पाडलेलं भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी असं मानतात. ज्वालामुखीने पॉम्पेई गाडलं ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे बाई त्याआधीच समुद्र ओलांडून पोचली होती. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांच्या मते ती घडली भोकरदनला, कारण तशाच हस्तिदंती मूर्ती तिथल्या उत्खननात मिळाल्या. भोकरदन आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत आमच्याच, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्या हस्तिदंती बाईच्या अंगावर काय आहे? गळ्यात हार, हातभर बांगड्या, पायांत वाळे. कापड जवळपास नाहीच. दागिना कितीही लहान कोरा, दागिनाच राहतो. कापड नाही राहत. त्या कारागिराच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही, पण हस्तिदंताच्या पदराचा प्रश्न त्याला पडला नाही, एवढं खरं.

हे सगळं मी मावशीला मोठ्या उत्साहाने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून तर आम्ही चिंध्यांच्या बाहुलीला नवं कापड लावत नसू." आत गेली आणि आजोबांचं धोतर घेऊन आली. किती वर्षं धुतलं होतं देव जाणे. खळ कधीच निघून गेलेली, धागे झिजून सैल झालेले, उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. ओट्यावर मोजलं. १.४ सेंटिमीटर. पैठणीच्या निम्म्याहून कमी.

सहाने गुणलं तर ८.४. अजून कागदासारखंच, पण पुठ्ठा नव्हे. मग मावशीची दुसरी युक्ती: धोतराची पट्टी हळदीत बुडवून रंगवली, ओली असतानाच बाहुलीला नेसवली, निऱ्यांना दोरा गुंडाळला आणि रात्रभर तशीच ठेवली. कमरेत निऱ्या सातऐवजी तीनच. काठ म्हणून जरीचा एक उसवलेला धागा, पोपटाविना. सकाळी दोरा सोडला. पदर खांद्यावरून खाली आला होता. खाली!

लेहंगा परत खोक्यात गेला आहे, मूळ घडीसकट, किंमत लावणाऱ्यांसाठी. बाहुली मात्र कपाटावर हळदी साडीत उभी आहे. तुमच्या घरात असं विरलेलं धोतर किंवा नऊवारी लुगडं असेल, तर बोहारणीला देण्याआधी त्यातला हातभर तुकडा फाडून बाजूला ठेवा.