डांग्या खोकला, अर्भकांतील
डांग्या खोकला, अर्भकांतील : बॉर्डेटेला पर्ट्युसिस या दंडाकार सूक्ष्मजंतूंमुळे श्वसनमार्गास होणाऱ्या अतिसंसर्गजन्य तीव्र रोगास ‘डांग्या खोकला’ म्हणतात. एकामागून एक येणारी खोकल्याची उबळ आणि तिच्या शेवटी श्वास आत ओढताना होणारा लांबलचक आवाज यांवरून हा रोग ओळखण्याची रूढी आहे. सहा महिन्यांच्या आतील अर्भकात मात्र हा आवाज बहुधा नसतो. या रोगाने होणारे मृत्यू मुख्यतः याच वयात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, होतात. म्हणून अर्भकांतील रोगाचा येथे स्वतंत्र विचार केला असून उदाहरणादाखल खानदेशातील, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील, परिस्थिती घेतली आहे.

पॅरिसमधील १५७८ च्या साथीचे गीयोम द बायू यांनी केलेले वर्णन हे या रोगाच्या आद्य वर्णनांपैकी होय. रोगकारक जंतू १९०६ मध्ये झ्यूल बॉर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी ब्रूसेल्स येथे अलग केला.

खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे जंतू पसरतात. ते श्वासनलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म केसांना चिकटून त्यांची हालचाल बंद पाडतात. त्यामुळे चिकट कफ बाहेर पडत नाही व तो काढण्यासाठी उबळ येत राहते. जंतूंचे विष रक्तात मिसळून लसीका कोशिकांची संख्या वाढवते. काही अर्भकांत पांढऱ्या कोशिका दर घन मिमी.मध्ये एक लाखाहून अधिक होतात, फुप्फुसातील रक्ताभिसरणास अडथळा येतो आणि हृदय निकामी होते. अशा वेळी कृत्रिम श्वसनाचाही फारसा उपयोग होत नाही.

लक्षणे : संसर्गानंतर साधारणतः ७ ते १० दिवसांनी नाक वाहणे, शिंका व किरकोळ खोकला सुरू होतो. ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो, त्यामुळे घरातील माणसे निर्धास्त राहतात. रोग सर्वांत जास्त पसरतो तो याच अवस्थेत. मोठ्या मुलात एक-दोन आठवड्यांनंतर उबळी व वांत्या सुरू होतात आणि पुढे कित्येक आठवडे टिकतात. चीनमध्ये या रोगास शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते यथार्थ आहे. तान्ह्या मुलात ही पहिली अवस्था फार थोडी असते. उबळीनंतर जोराने श्वास ओढण्याइतके बळच त्याच्या अंगी नसते. ते दूध ओढताना मध्येच थांबते, घुसमटते, चेहरा लाल व मग निळा पडतो, कधी श्वास काही सेकंद थांबतो आणि नाडी मंदावते. कित्येकदा खोकला जवळजवळ ऐकूच येत नाही आणि श्वास थांबणे हेच एकमेव लक्षण असते. दोन उबळींच्या मधल्या वेळात मूल अगदी ठीक दिसते, हे विशेष फसवे आहे. फुप्फुसशोथ, झटके व मेंदूस ऑक्सिजन अपुरा पडल्याने होणारी इजा हे मुख्य उपद्रव होत.

निळे पडलेल्या किंवा श्वास थांबलेल्या तान्ह्या मुलास, ते नंतर हसू-खेळू लागले तरी, रुग्णालयातच न्यावयास हवे. नाकाच्या मागील भागातील स्रावाचे संवर्धन वा जनुकीय परीक्षा यांनी निदान पक्के होते, परंतु त्यासाठी उपचार थांबवू नयेत. ॲझिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक पाच दिवस देतात. एक महिन्याच्या आतील मुलास एरिथ्रोमायसिनाने जठराच्या खालच्या मुखाशी अडथळा होण्याचा धोका असल्याने ते टाळतात. उबळी सुरू झाल्यावर दिलेल्या औषधाने त्या लवकर थांबत नाहीत, मात्र दुसऱ्यास होणारा संसर्ग थांबतो. म्हणून घरातील इतरांनाही औषध द्यावे लागते. खोकल्यावर मध चाटविण्याची चाल एक वर्षाच्या आतील मुलाच्या बाबतीत धोक्याची आहे. मूल शांत राहावे म्हणून अफूयुक्त बाळगोळी देण्याची जुनी प्रथा तर या रोगात प्राणघातक ठरणारी होती, कारण अफूने श्वसन आणखी मंदावते.

प्रतिबंध : रोग होऊन गेल्याने किंवा लसीने मिळणारी प्रतिकारशक्ती काही वर्षांनी ओसरते. त्यामुळे प्रौढांना हा रोग पुन्हा होतो, पण तो नुसता रेंगाळलेला खोकला म्हणूनच ओळखला जातो. अर्भकाला संसर्ग बहुधा अशाच आईकडून, भावंडाकडून किंवा आजीकडून होतो. बाळंतिणीच्या खोलीत पाचवी-बारशाच्या निमित्ताने येणाऱ्यांची गर्दी असते, शेकशेगडीचा व धुरीचा धूरही असतो. धुराने जंतू मरत नाहीत, मुलाच्या श्वासमार्गाला मात्र त्रास होतो. खोकणाऱ्यास बाळाजवळ येऊ न देणे हा साधा उपाय आपल्याकडे भिडेपोटी पाळला जात नाही.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये व सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. पूर्वीच्या त्रिगुणी लसीऐवजी आता सहा, दहा व चौदा आठवड्यांस पंचगुणी लस देतात. तीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब-प्रकारची कावीळ आणि हिमोफायलस इन्फ्लुएंझा ब यांविरुद्धची द्रव्ये असतात. त्रिगुणी लसीच्या वर्धक मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व ५ ते ६ वर्षांच्या वयात देतात. लसीनंतर येणारा ताप व मांडीवरील सूज यांमुळे काही पालक पुढील मात्रा टाळतात. ब्रिटनमध्ये १९७४ नंतर अशाच भीतीने लसीकरण घसरले आणि १९७७–७९ च्या साथीत एक लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

पहिले सहा आठवडे मात्र मोकळेच राहतात. त्यावर उपाय म्हणजे गरोदरपणाच्या २७ ते ३६ व्या आठवड्यांत मातेला डांग्या खोकल्याचा अंश असलेली लस देणे. तिची प्रतिपिंडे वारेतून गर्भास मिळतात. ब्रिटनने २०१२ मध्ये ही योजना सुरू केली. आपल्या शासकीय कार्यक्रमात गरोदर स्त्रीस दिली जाणारी लस धनुर्वात व घटसर्प यांपुरतीच आहे. डांग्या खोकल्यासह असलेली लस भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीत असली, तरी ती विकत घ्यावी लागते.

खानदेशात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. भुसावळ-जळगाव भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. लस २° ते ८° से. तापमानात ठेवावयाची असते, परंतु उष्णतेच्या धास्तीने ती थेट बर्फाला टेकवून ठेवल्यास गोठते, आणि गोठलेली त्रिगुणी वा पंचगुणी लस निरुपयोगी होते. दुसरी गोष्ट स्थलांतराची. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबांपैकी अनेक दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत व इतरत्र जातात आणि उन्हाळ्याच्या सुमारास परततात. या काळात जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या तिन्ही मात्रांच्या तारखा तळावरच उलटून जातात. माहेरी बाळंत होऊन सासरी परतणाऱ्या स्त्रीच्या मुलाचेही काही अंशी असेच होते. लसीकरणाचे कार्ड जवळ असल्यास कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात वा अंगणवाडीतील सत्रात पुढची मात्रा मिळू शकते. मात्रांमध्ये खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. एक वर्षाच्या आत पंचगुणी लस सुरू करता येते आणि त्यानंतर आलेल्या मुलास सात वर्षांपर्यंत त्रिगुणी लस देतात.