रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नाही!

'रेड नोटीस निघाली, आता अटक पक्की!' असं मलाही वाटायचं. पण ती फक्त विनंती असते: या माणसाला शोधा, तात्पुरतं ताब्यात घ्या. भारतातून ती सीबीआयमार्फत इंटरपोलकडे जाते आणि माहिती १९६ सदस्य देशांच्या पोलिसांपर्यंत पोचते. अटक करायची की नाही, हे तो देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवतो.

अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला सापडला, पण भारतात आला २००५ मध्ये. तेही फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या आश्वासनावर.

म्हणून 'तुमच्यावर इंटरपोलची नोटीस आहे, पैसे भरा' असा कॉल आला तर सरळ कट करा. इंटरपोल कुणाकडे पैसे मागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० लावा.