रानवाट कुणाची? जंगलात सायकल नेणाऱ्यांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरला की एखाद्या रविवारी भल्या पहाटे मनोरच्या मस्तान नाक्यावर गाडीच्या टपावरून जाड टायरच्या सायकली उतरताना दिसतात. कुणी अशेरी गडाच्या पायथ्याकडे वळतं, कुणी वाड्याच्या रस्त्याने कोहोज गडाकडे. चहाच्या टपरीवर गप्पा मात्र स्कॉटलंड-न्यूझीलंडच्या. "तिकडे जंगल कसं मोकळं असतं! आपल्याकडेच सतरा भानगडी." बोलणं एकच, पण त्यात तिकडचा एक आणि इकडचा एक असे दोन गैरसमज आहेत. त्यांच्या सोबतीने आणखी काही येतात.

गैरसमज : परदेशात जंगलात सायकल कुठेही चालवता येते.

वस्तुस्थिती : देश बदलला की नियम बदलतो, कधी एकाच देशात दोन तऱ्हा असतात. स्कॉटलंडमध्ये 2003च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक रानमाळ खुला केला. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र 'फूटपाथ' म्हणून नोंदलेल्या रानवाटेवर सायकलीला हक्क नाही. तो आहे घोड्यांसाठी राखलेल्या 'ब्रायडलवे'वर, 1968च्या कायद्यापासून. ऑस्ट्रियात 1975च्या वन कायद्याने रानात पायी हिंडायची मुभा सर्वांना दिली, पण सायकलीसाठी मालकाची परवानगी लागते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकल चालवायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. अमेरिकेत 'वाइल्डरनेस' म्हणून घोषित झालेल्या वनक्षेत्रांत तर सायकलीला थाराच नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वाटेचा नियम शोधावा.

गैरसमज : मनोरच्या रानात कोण विचारतो? घुसा बिनधास्त.

वस्तुस्थिती : राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा ठरतो. अभयारण्यात नियम आणखी कडक. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो आणि परवान्याशिवाय प्रवेश नाही. मनोरहून फार लांब नसलेली तानसा आणि तुंगारेश्वर ही दोन्ही अभयारण्यं आहेत. म्हणून आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं, मग गावात.

गावात विचारायचं, कारण कायद्याच्या पलीकडे रोजची वहिवाट असते. आपण जिला 'ट्रेल' म्हणतो, ती पाड्यावरच्या लोकांची पाण्याची, सरपणाची, मोहाची आणि शाळेची वाट असते. डोक्यावर मोळी घेतलेली बाई सायकल पाहून बाजूला होते, ती तिची रीत. तो आपला हक्क समजू नये. थांबायचं आपण, मोळीने नव्हे. इंग्रजी मुलखातल्या ट्रेलवरही हाच संकेत आहे : सायकलस्वाराने चालणाऱ्याला वाट द्यायची.

गैरसमज : सायकल धूर सोडत नाही, म्हणजे जंगलाचं नुकसान होत नाही.

वस्तुस्थिती : कोरड्या, घट्ट वाटेवर नुकसान खरंच कमी होतं. ओल्या मातीत गणित बदलतं. टायरने सलग चर पडतो, पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन-चार पावसांत वाटेची घळ होते. मागचा ब्रेक दाबून चाक फरफटत नेलं की माती आणखी सुटते. आमच्याकडे त्याहून मोठी चूक होते ती भातखाचरांच्या बांधावरून सायकल नेण्याची. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याला भर पावसात चिखल थापत बसावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये डांबरी रस्ता बरा. रान दिवाळीनंतर.

गैरसमज : बिबट्या सायकलवाल्यांच्या वाटेवर टपून बसलेला असतो.

वस्तुस्थिती : या पट्ट्यात बिबट्या आहे आणि तो आजचा नाही. पालघर-मनोर रस्त्यावरच्या खिंडीचं नावच वाघोबाची खिंड. वारली समाज वाघोबाला देव मानतो, वाघबारशीला त्याची पूजा करतो. शेजार राखायचा तर शेजाऱ्याच्या वेळा पाळाव्या लागतात. पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांज टाळावी, एकट्याने जाऊ नये, आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. सायकल वेगात असते आणि आवाज करत नाही, खरी जोखीम तिथे आहे. अमेरिकेत माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ 2016 साली एक सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्याचा जीव गेला. अस्वल टपून बसलं नव्हतं. दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नव्हती.

गैरसमज : धोका काय तो रानात, हमरस्ता सुरक्षित.

वस्तुस्थिती : मनोरमधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग ट्रक-कंटेनरांनी अहोरात्र भरलेला असतो. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा 4 सप्टेंबर 2022 रोजी अपघाती मृत्यू झाला तो याच महामार्गावर, उत्तरेला चारोटीजवळ. सायकल इथे गाडीतून आणावी, गावरस्त्याला लागल्यावरच उतरवावी.

रानात सांभाळायचं ते ऊन आणि साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष चालतं. म्हणून साप ओळखण्याच्या, मारण्याच्या नादी लागू नये. साप चावलाच तर दोरी करकचून बांधू नये, जखम चिरू नये. हातपाय हलू न देता 108ला फोन करून रुग्णालय गाठावं.

गैरसमज : दोन-तीन लाखांची सायकल असल्याशिवाय रान जमत नाही.

वस्तुस्थिती : हा खेळ 1970च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत जन्मला तोच भंगारातल्या जुन्या, जड सायकलींवर. पुढे 1996च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत तो पोचला. पाड्यावरची पोरं साध्या काळ्या सायकलीवरून अजूनही तेच करतात. नवख्याने पैसे घालावेत ते हेल्मेट, चांगले ब्रेक आणि जाड टायर यांवर. डांबरासाठी ठासून भरलेली हवा रानात थोडी कमी केली, तर पकड आपोआप वाढते.

गैरसमज : सायकल खोक्यात घातली, विमानात चढवली, झालं.

वस्तुस्थिती : ई-बाईक असेल तर बॅटरी घरीच राहील. 160 वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाईकची बॅटरी सहसा त्याच्या दुपटीहून मोठी असते. विम्याचे कागदही नीट वाचावेत, अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. न्यूझीलंडला निघालात तर टायरच्या खाचा ब्रशने घासा. परकी माती आणि बी-बियाणं आत येऊ नये म्हणून तिथे सामान तपासतात. मातीने माखलेली वस्तू जाहीर न करता नेली तर जागेवरच 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.

म्हणजे ऑकलंडच्या विमानतळावर मनोरच्या मातीचा कणही आपण निमूटपणे पुसून टाकतो, कारण ते रान कुणाचं तरी आहे हे तिथे कुणी बजावून सांगतं. अशेरीच्या वाटेवर सांगायला कुणी उभं नसतं. तिथे मोळी समोर दिसली की आपणच पाय जमिनीला टेकवायचा.