दाढेच्या पोटातली वळणवाट

डॉक्टरांनी ती फाइल चिमटीत धरली, केसांची पिन वाकवावी तशी वाकवून तिचा आकडा केला आणि टेबलावर ठेवली. ती तशीच वाकडी पडून राहिली. मग त्यांनी किटलीतलं उकळतं पाणी स्टीलच्या वाटीत ओतलं आणि फाइल त्यात सोडली. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती सरळ झाली. मघाशी ती वाकवली होती हे मलाच खरं वाटेना.

माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल नुकतंच संपलं होतं. अर्धा जबडा बधिर, त्यामुळे बोलणं कमी आणि बघणं जास्त. फाइल जुन्या कामातून बाद केलेली, निर्जंतुक करून बाजूला ठेवलेली होती. मी ती भिंगाखाली धरली. फाइल म्हणजे अखेर कानसच. पण लोहाराकडची कानस वीतभर असते आणि हिचा कोरणारा भाग सोळा मिलिमीटरचा. कडेने स्क्रूसारखा पीळ, आणि 25 नंबरच्या फाइलचं टोक पाव मिलिमीटर जाडीचं. 10 नंबरचं टोक तर 0.10 मिलिमीटर, एखाद्या जाड केसाइतकं. एवढ्याशा कानशीने दाताची आतली भिंत खरवडायची, आणि तीही न दिसणाऱ्या वळणावर.

वळण हीच या साऱ्या कामाची गोम आहे. आपल्याला वाटतं, मुळातली नळी म्हणजे सरळ पाइप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी काढून टाकलेल्या हजारो दातांत रबर भरलं, मग दातच विरघळवून टाकले. मागे उरले ते नुसते आतल्या पोकळीचे साचे. ते साचे पाहिले की पाइपची कल्पना कायमची जाते. कुठे दोन नळ्या वाटेत एकमेकींना जाऊन मिळतात, कुठे पडद्यासारखी पातळ फट, टोकाशी झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे. आणि जवळजवळ प्रत्येक दाढेच्या मुळाला घाटरस्त्यासारखा बाक.

या घाटात जुन्या काळी पोलादी फाइल घालत. एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने 1838 साली घड्याळाची स्प्रिंग घासून या कामाचं पहिलं हत्यार केलं. पुढे दीडशे वर्षं हत्यारं सुधारत गेली, तरी धातू पोलादच राहिला. पोलादाचा स्वभाव ताठ. वाकवलं की ते सरळ व्हायला बघतं, आणि दाढेच्या आत सरळ व्हायचं म्हणजे वळणाची एक भिंत कुरतडणं आलं. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात, दोन मुळं जिथे फाटतात त्या बाजूची भिंत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. ताठ फाइल तिथेच टेकते. भिंत आणखी पातळ होते, कधी भोकही पडतं. दंतवैद्य त्या जागेला धोक्याची जागा म्हणतात.

वाकणारा धातू आला तो दातांशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणाहून. अमेरिकेतल्या मेरीलँडमधली नौदलाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा. विल्यम ब्यूलर तिथे क्षेपणास्त्राच्या टोकासाठी चिवट, उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमचं जवळपास अणूला अणू असं मिश्रण त्यांच्या हाती लागलं. 1961 मध्ये एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी अधिकाऱ्यांच्या हातोहात फिरत होती; ती पुन्हा पुन्हा वाकवूनही तुटत नाही एवढंच दाखवायचं होतं. त्यांच्यातल्या डेव्हिड मझी यांनी सहज आपल्या पाइपचा लायटर पेटवून पट्टीखाली धरला, आणि सगळ्या घड्या उलगडून पट्टी ताणून सरळ झाली. माझ्यासमोरच्या वाटीत घडलं ते नेमकं हेच होतं. निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं मिळून धातूचं नाव पडलं नायटिनॉल.

हा धातू लक्षात कसा ठेवतो? साध्या तारेला जास्त वाकवलं की तिच्यातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि परतीची वाट विसरतात. नायटिनॉलमध्ये अणू घसरत नाहीत. कवायतीतली मुलं हुकमासरशी सगळी एकदम एक पाऊल तिरकी सरकतात, पण कुणाचा शेजारी बदलत नाही, तशी ही सगळी रचना एकदम कलते. शेजारी तेच, म्हणून परत येणंही सोपं. काही मिश्रणांत ताण सुटताच ती परत येते. माझ्या हातातल्या सोनेरी फाइलसारख्या, कारखान्यात विशिष्ट तापमानाला तापवून घडवलेल्या फाइलमध्ये परत यायला थोडी ऊब लागते. पोलाद एक टक्काभरही ताणलं जाण्याआधी कायमचं वाकतं. नायटिनॉल सुमारे आठ टक्के ताण सोसून मूळ रूपात येतो.

दात सरळ करण्याच्या तारांसाठी हा धातू आधीच वापरात आला होता. 1988 साली वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन या तिघांनी तसल्याच तारेतून कोरून 15 नंबरची फाइल केली आणि तिला वाकवून, पिळून पाहिलं. पोलादी फाइलपेक्षा ती दोन ते तीन पट लवचीक निघाली. एवढी लवचीक फाइल मोटारीला लावून वळणातून फिरवता येते. आज देशोदेशीच्या दवाखान्यांत ती बारीक घरघर ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याच वेळा हाच धातू असतो.

आता त्या घरघरीच्या आत काय चाललंय ते बघू. फाइल समजा मिनिटाला तीनशे फेरे घेते आहे, म्हणजे सेकंदाला पाच. वळणावर तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. पण फाइल फिरते आहे, तेव्हा आत्ता ताणलेला कण अर्ध्या फेरीत दाबला जातो आणि पुन्हा ताणला जातो. वीस सेकंदांत शंभर वेळा. पक्कड हाताशी नसली की आपण तार मागेपुढे वाकवून तोडतो ना, तेच. फरक एवढाच, की इथे तार तुटू नये म्हणून सगळा आटापिटा आहे. कारखान्यात कोरताना उठलेल्या बारीक ओरखड्यातून एखादी चीर सुरू होते, फेरीगणिक आत सरकते आणि एका क्षणी टोक मागे राहतं. याला थकून तुटणं म्हणतात. त्याचं वाईट हे, की आदल्या क्षणापर्यंत फाइल नवी कोरी दिसू शकते.

दुसरी तऱ्हा निराळी. टोक अरुंद नळीत अडकतं आणि मोटार मात्र मागून पिळत राहते. सुंभ उलटा पिळला की त्याचा पीळ सैल पडतो, तशी कडेची नक्षी उलगडते. ही फाइल निदान आधी सांगते. डॉक्टर प्रत्येक वेळी ती बाहेर काढून पुसतात आणि उजेडात धरतात, ते हा सैल पडलेला पीळ शोधण्यासाठी. खुर्चीत पडल्यापडल्या मला ते नुसतं पुसणं वाटलं होतं.

थकवा मोजता येत नाही, म्हणून वापर मोजतात. किती दाढा झाल्या, वळण किती तीव्र होतं, याचा हिशेब ठेवतात. फार वाकड्या मुळानंतर फाइल एकाच वापरात बाद करतात. 2008 मध्ये घसान यारेड यांनी फाइल सलग न फिरवता पुढेमागे हलवण्याची रीत मांडली. त्यातून आलेल्या एका प्रचलित पद्धतीत कापायच्या दिशेला 150 अंश आणि उलट 30 अंश अशी हालचाल असते, म्हणजे तीन हेलकाव्यांत एक पूर्ण फेरा. अडकण्याआधीच फाइल सुटते आणि तिचं आयुष्य वाढतं.

आणि एवढं करूनही तुटलीच तर? रुग्णाच्या कानावर हे पडलं की त्याचं अवसान गळतं, ते स्वाभाविक आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, तुकडा आत राहिलेल्या दातांपैकी 91.8 टक्के बरे झाले होते आणि तुकडा नसलेल्या तशाच दातांपैकी 94.5 टक्के. धातू स्वतः विषारी नसतो. प्रश्न तुकड्यापलीकडे जंतू उरले का, एवढाच असतो. खरं तर न तुटलेली फाइलही सगळीकडे पोचत नाही. त्रिमितीय क्ष-किरण चित्रांत दिसलं आहे की नळीची एक तृतीयांशाहून अधिक भिंत फाइलने शिवलेलीच नसते. तिथे जंतू मारायचे ते सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याने. फाइल त्या पाण्याला वाट करून देते. मला हे कळलं तेव्हा कोरण्याचा अर्थच बदलला: जितकं कमी कोरून पाणी तळापर्यंत जाईल तितकं बरं.

कमी का, हे दाढेकडे वळल्यावर कळतं.

आपल्याकडे घरोघरी एक समज आहे: नस काढली की दाढ वाळते आणि वाळल्या फांदीसारखी ठिसूळ होते. माझी आईही हेच सांगायची, आणि रूट कॅनाल केलेल्या दाढा पुढे खरोखर तुटताना तिने पाहिल्या होत्या. पाहणं बरोबर होतं, कारण वेगळं होतं. 1992 मध्ये सेजली आणि मेसर यांनी 23 माणसांचे जोडीचे दात घेतले. एका बाजूचा दात सरासरी दहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेला, दुसऱ्या बाजूचा त्याचाच जिवंत जोडीदार. दाबून, कापून, चीर पाडून दोघांचं दंतद्रव्य तपासलं. ताकदीत आणि चिवटपणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कठीणपणात तेवढा साडेतीन टक्क्यांचा.

मग तुटतात का? याचं उत्तर 1989 च्या एका प्रयोगात आहे, आणि या सगळ्या विषयातला मला तोच सर्वांत सुंदर वाटतो. रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या वरच्या उपदाढा घेतल्या आणि एकेक पायरीने कापत प्रत्येक वेळी त्यांचा ताठपणा मोजला. रूट कॅनालसाठी छत उघडून नळ्या कोरल्या, ताठपणा फक्त 5 टक्के घटला. चावायच्या पृष्ठावर नेहमीचा खड्डा केला, 20 टक्के घटला. पण पुढची आणि मागची कडही कापली, तेव्हा तब्बल 63 टक्के.

ती कड म्हणजे शेताचा बांध. जिभेने चाचपून बघा, दाढेच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एक उंचवटा लागतो. तो गालाकडची आणि जिभेकडची शिखरं एकमेकांना बांधून ठेवतो. बांध गेला की दोन्ही बाजू सुट्या उभ्या राहतात आणि प्रत्येक घासाला थोड्या थोड्या फाकतात. दोन दातांच्या मधून लागणारी कीड नेमका हाच बांध खाते. रूट कॅनालच्या खुर्चीत येईपर्यंत बऱ्याच दाढांचा बांध आधीच गेलेला असतो, आणि दोष मात्र नस काढण्यावर येतो.

एक गोष्ट मात्र नस जाण्याने बदलत असावी. जिवंत दात भार ओळखतो. भातात खडा लागला की जबडा आपसूक थबकतो, विचार करायच्या आत. मुळाभोवतीच्या तंतूंची जाणीव नंतरही शाबूत राहते, तरी 1986 मध्ये स्वीडनमधल्या रँडो आणि ग्लांट्झ यांच्या छोट्या प्रयोगात नस काढलेल्या दातांनी दुखण्याआधी दुप्पट किंवा त्याहून जास्त भार सोसला. सोसला म्हणजे ताकद वाढली असं नव्हे. थांबायचा इशारा उशिरा मिळाला.

म्हणून कॅप. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी पाहिलंय. धाव तापवून चाकावर बसवायची, वर पाणी ओतायचं. ती आवळत जाते आणि लाकडाचे सगळे तुकडे एकमेकांत घट्ट दाबले जातात. कॅप दाढेला तशीच धरते, पण तिला धरायला काहीतरी लागतं. हिरडीच्या वर दाताची स्वतःची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची भिंत चहूबाजूंनी उरलेली असेल, तरच कॅपची कड तिला कवटाळू शकते. ती नसेल तर सगळा भार आतल्या सिमेंटवर आणि खिळ्यावर येतो, आणि मूळ पाचर मारल्यासारखं उभं चिरतं. 2002 च्या एका अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात बसवलेल्यांच्या सहापट वेगाने गमवावे लागले असं दिसलं. पुढच्या दातांची गोष्ट थोडी वेगळी. बांध शाबूत असेल तर तिथे साधं भरणंही पुरतं. दाढेला ही सवलत नाही.

पंधरा दिवसांनी मी कॅपसाठी गेलो. डॉक्टरांनी खुणा कोरलेली एक बारीक सळई दाढेला चारही बाजूंनी लावून पाहिली. "मागच्या बाजूला दोन आहे, गालाकडे अडीच. जिभेकडे जेमतेम दीड. चालेल, तुमचं नशीब चांगलं आहे." मला नशिबापेक्षा त्यांनी न कोरलेला तो दीड मिलिमीटर दिसत होता.

कॅप बसल्यावर त्यांनी निळा कागद वरच्या आणि खालच्या दाढेच्या मध्ये धरला. "चावा. आता इकडे तिकडे घासा." कॅपच्या एका शिखरावर गडद निळा ठिपका उमटला होता, शेजारच्या दाढांवर नुसते फिकट डाग. म्हणजे सगळा भार त्या एका टिंबावर. त्यांनी तेवढीच जागा घासली, पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, पुन्हा घासणं. चौथ्या वेळेला कॅपवरचा निळा आणि शेजारच्या दाढांवरचा निळा सारखाच फिका होता.