विमानातल्या विजेचा हिशेब

कांदिवलीतील चारकोपला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान तयार केले; २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा घरी बनवलेल्या विमानात विजेचा हिशेबही बनवणाऱ्यालाच मांडावा लागतो. रेडिओ, दिवे, इंधन पंप एकेक चालू करून प्रत्येकाला किती अँपिअर लागतात, ते डीसी क्लॅम्प मीटरने मोजायचे. कारण उड्डाणात अल्टरनेटर बंद पडला, तर सारा भार बॅटरीवर येतो. समजा, बॅटरी २४ अँपिअर-तासांची आणि भार १२ अँपिअर. कागदावर ती दोन तास टिकते, प्रत्यक्षात कमीच. भार सहावर आणला, तर निदान दुप्पट वेळ मिळतो. म्हणून आधी काय बंद करायचे, हे जमिनीवरच ठरवावे.