एका शिताची परीक्षा

भाताचें एक शीत चेपून सगळ्या भाताची परीक्षा करावी, हा स्थालीपुलाकन्याय सर्वश्रुत आहे. परंतु तो एका पातेल्यापुरताच. काल चढविलेल्या भातावरून आजच्या भाताचा निवाडा त्यानें होत नाहीं. खाणावळींच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करतों.

टोकियोच्या निशिकासाई भागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे. आमचे चिरंजीव तेथेंच नोकरीनिमित्त बिऱ्हाड करून असतात. त्यांच्या आळींतील रामेनच्या दुकानावर सूनबाईंनीं बहिष्कार घातला होता. 'भाज्यांचें रामेन' म्हणून मागविलें. वर कोबी व मुगाचे लांब मोड, आणि खालीं रस्सा डुकराच्या हाडांचा! शाकाहारी घरानें संतापावें, हें रास्तच.

तथापि रामेनची घडण पाहिली पाहिजे. मैद्यांत पाणी, मीठ व 'कान्सुई' नांवाचा क्षार घालून त्याच्या शेवया करतात. हा क्षार म्हणजे आपल्या पापडखाराचाच भाऊबंद; शेवयांचा पिवळसर रंग व चिवटपणा त्याचाच. वाडग्याच्या तळाशीं मीठ, सोयाचा अर्क किंवा मिसो यांचें 'तारे' नामक खारट मिश्रण असतें, आणि त्यावर तासन्‌तास उकळलेला रस्सा ओततात. हा रस्सा बहुधा हाडांचा वा सुक्या मासळीचा. जपानी दुकानदाराच्या लेखीं 'भाज्यांचें' म्हणजे वर भाज्या घातलेलें, इतकेंच. त्यांत लबाडी नसते. चौकशी करावयाची ती रस्स्याची.

पुढें त्याच दुकानाच्या दारावर हातानें लिहिलेली नवी पाटी लागली: कोम्बु हें समुद्रशैवाल व वाळविलेलीं शिताके अळंबीं यांच्या रस्स्यांतील रामेन. कोम्बूच्या रुचीचें मूळ ग्लूटामेट होय, हें किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं शोधून काढलें. तेव्हां मांसावांचून रस्स्यास गोडी येते, यांत नवल नाहीं. माझा आग्रह पडला कीं, पुन्हां जावें. दहा माणसें कशींबशीं बसतील एवढें तें दुकान, आणि राबणारीं नवराबायको दोघेंच. २०२४ सालीं जपानांत अशा दुकानांचीं दिवाळीं विक्रमी संख्येनें निघालीं. मैदा, मांस, गॅस सारेंच महागलें. पण वाडग्याची किंमत हजार येनांपलीकडे नेली कीं गिऱ्हाईक बिचकतें. शेजारच्यांनींच पाठ फिरविली तर असें दुकान टिकावें कसें?

चिरंजीवांनीं आधीं सगळें खोदून विचारलें. शेवयांत अंडें नव्हतें. पळी व पातेलें निराळें होतें. (कडक सोवळें पाळणाऱ्यांचें एवढ्यानें समाधान होणार नाहीं. आमच्या मंडळींनीं नुसता चहा घेतला.) शेवया रस्सा शोषून लवकर फुगतात, म्हणून गप्पा न मारतां फुरके मारीत खावें लागतें. आपल्याकडे यावर डोळे वटारले जातील; तेथें ती रीतच आहे. नातवंडांस ती फार आवडली!

रस्सा खरोखर रुचकर होता, मात्र जरा मिळमिळीत. सूनबाई आतां महिन्यांतून एकदां मुलांना तेथें नेतात, आणि पिशवींत लसणाच्या चटणीची डबी ठेवतात.